माटोळीचे रंग कागदावर: घरच्या फोटो प्रिंटरचे प्रोफाइल करताना

चवथीच्या दिवसांत फोंडा तालुक्यातल्या ओळखीच्या घरांतून माटोळीची छायाचित्रे काढायची आणि ज्या घरची माटोळी त्या घरी तिची प्रिंट पोहोचवायची, हा माझा जुना परिपाठ आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर गणपतीच्या वर आडव्या टांगलेल्या लाकडी चौकटीला रानफळे, भाज्या, नारळ, केळीचे घड आणि आंब्याच्या डहाळ्या बांधतात, ती माटोळी. रंगांच्या दृष्टीने हा विषय दिसतो त्याहून फार कठीण आहे, कारण त्यात हिरवा रंगच अनेक परींचा असतो: कोवळ्या सुपारीच्या घोसाचा पिवळसर हिरवा, शहाळ्याचा तेलकट हिरवा, काकडीचा फिकट, आंब्याच्या जून पानाचा जवळजवळ काळा. या सगळ्या हिरवाईत मधूनच कवंडळाचे एखादे शेंदरी-तांबडे फळ लोंबत असते आणि मागे बहुधा जांभ्याची, गेरूच्या अंगाची भिंत असते. माझा प्रिंटर सहा शाईंचा, टाकीत शाई ओतायचा, घरगुती वापराचा आहे, आणि तो या सगळ्या हिरव्यांना एकाच निळसर हिरव्यात लोटत असे, तर भिंत गुलाबी करून टाकत असे. शेजारच्या माईंनी एका प्रिंटवर बोट ठेवून "हें कवंडळ न्हय" असे म्हटले, तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. त्या घरातल्या माणसांनी ते फळ स्वतः रानातून आणलेले असते, त्यामुळे रंगाची पारख त्यांनीच करायची.

हे असे का होते, त्याचे कारण प्रिंटरच्या दर्जात नाही. छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, आणि ते आकडे एसआरजीबी किंवा अ‍ॅडोबी आरजीबी यांसारख्या एखाद्या ठरलेल्या रंगावकाशातले, म्हणजे कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग हे ठरवणाऱ्या पद्धतीतले, असतील तरच त्यांना निश्चित अर्थ असतो. एसआरजीबी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पुढे आणला आणि आज बहुतेक कॅमेरे, फोन व पडदे त्यालाच धरून चालतात. प्रिंटरला मात्र आकडे कळतात ते शाईच्या थेंबांच्या हिशेबात, आणि तोच थेंब एका कागदावर खोल मुरतो तर दुसऱ्यावर वरच्या वर राहतो. निर्मात्या कंपनीने ड्रायव्हरबरोबर, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या प्रणालीबरोबर, दिलेली प्रोफाइल, म्हणजे प्रिंटरच्या रंगांच्या नोंदीच्या फाइल, तिच्या स्वतःच्या कागदासाठी आणि शाईसाठी केलेली असतात. मी वापरतो तो कागद तिसऱ्याच कोणाचा तरी आहे, आणि ए४ आकाराच्या इतक्या प्रिंट फुकट वाटायच्या म्हटल्यावर तोच परवडतो. त्यामुळे कंपनीचे प्रोफाइल माझ्या कामाचे नव्हते. पूर्वी मी संपादनाच्या प्रणालीत सरकपट्ट्या ओढून अंदाजाने रंग दुरुस्त करीत असे, पण त्या पद्धतीत हिरवा जागेवर आणला की माणसांचे चेहरे पिवळे पडतात, चेहरे सुधारले की भिंत बिघडते, आणि प्रत्येक छायाचित्राला नव्याने सुरुवात करावी लागते.

प्रोफाइलबद्दल एक समजूत सर्वत्र आढळते, की ते लावले म्हणजे प्रिंट सुंदर येते. माझ्या अनुभवात या समजुतीनेच अधिक निराशा पदरी येते. प्रोफाइल प्रिंटर सुधारत नाही; अमुक आकडे दिले असता, अमुक शाईने, अमुक कागदावर, ड्रायव्हरच्या अमुक मांडणीत प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो याची ती नोंद असते. तराजूला पासंग आहे हे ठाऊक असलेला वाणी तराजू फेकून देत नाही. पासंग किती ते एकदा पाहून घेतो आणि त्याच तराजूने बिनचूक तोलतो. प्रोफाइल म्हणजे प्रिंटरचा पासंग. या नोंदीचा साचा १९९३ साली स्थापन झालेल्या आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, या संघटनेने ठरवला आहे, आणि रंग मोजण्याची भाषा आहे ती सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ साली मान्य केलेली लॅब पद्धत. तिच्यात एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्यापासून तांबड्यापर्यंतची दिशा आणि बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंतची दिशा. दोन रंगांमधल्या अंतराला डेल्टा ई म्हणतात, आणि साधारण १ डेल्टा ई इतका फरक शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांत डोळ्याला जेमतेम जाणवतो असे मानतात. मात्र ही नोंद तराजू बदलला नाही तोवरच खरी असते, आणि गोव्यात पावसाळ्यात तराजू बदलतो. त्याविषयी पुढे येईल.

मोजणीसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. पडद्यासाठी मिळणारे स्वस्त कलरीमीटर येथे चालत नाहीत, कारण कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. उपकरणानेच त्यावर प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार मोजावा लागतो. घरातल्या फ्लॅटबेड स्कॅनरने छापलेल्या रंगीत चौकोनांचा तक्ता स्कॅन करून प्रोफाइल बनवण्याची एक वाट आहे, परंतु स्कॅनरचे तीन रंगांचे फिल्टर मानवी डोळ्याशी जुळणारे नसतात आणि शाईच्या विशिष्ट रंगद्रव्यांपुढे ते सहज फसतात, म्हणून त्या वाटेने मी गेलो नाही. छापलेला तक्ता टपालाने पाठवून प्रोफाइल करून देणाऱ्या सेवाही असतात. डाय शाईची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या शाईची, ग्लॉसी प्रिंट आषाढातल्या टपालाच्या पिशवीतून कोणत्या अवस्थेत पोहोचेल हे डोळ्यांपुढे आले आणि तोही विचार मी सोडला. मडगावच्या एका छायाचित्रकार मित्राकडे एक्स-राइट कंपनीचे कलरमंकी हे जुने उपकरण वापराविना पडून होते, ते मी मागून आणले. ते पडदाही मोजते आणि कागदही. त्याच्या बाजूची चकती फिरवली की ते आतल्या पांढऱ्या चकतीवर स्वतःला तपासून घेते, आणि मग मोजणीला तयार होते.

प्रिंटरला हात लावण्याआधी पडदा सरळ करून घेतला. त्याचा तपशील लांबवत नाही. डिस्प्लेकॅल ही मोफत प्रणाली वापरली, उजेड १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास खाली आणला आणि मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा गॅमा २.२ ठेवला. प्रिंट काळोखी येते अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पडदाच डोळे दिपतील इतका उजळ असतो, आणि त्यावर प्रोफाइलचा काहीही इलाज नाही.

खरे काम आहे ते प्रिंटर स्थिर करण्याचे, आणि त्याबद्दल कुठे फारसे वाचायला मिळत नाही. ड्रायव्हरमध्ये 'कागदाचा प्रकार' निवडायचा असतो, तो केवळ नावापुरता नसतो. कागदावर किती शाई टाकायची हे त्या निवडीवरून ठरते. तिसऱ्याच कंपनीचा कागद असला की त्याचे नाव यादीत नसतेच, त्यामुळे यादीतला कोणता प्रकार त्याला मानवतो हे पाहावे लागते. मी एकच लहान चाचणीचित्र, ज्यात करड्याच्या पायऱ्या आणि गडद हिरव्या व गडद निळ्या पट्ट्या होत्या, ते यादीतल्या निरनिराळ्या ग्लॉसी प्रकारांखाली छापले आणि वाळल्यावर भिंगातून पाहिले. सर्वांत भरभरून शाई टाकणाऱ्या प्रकारात रंग पहिल्या नजरेला मोहक दिसत होते, पण भिंगाखाली गडद हिरव्या पट्टीची कड शेजारच्या पांढऱ्यात सुटलेली होती, आणि करड्याच्या अखेरच्या तीन-चार पायऱ्या एकमेकींत मिसळून एकच काळा ठोकळा झाला होता. त्याहून थोडी कमी शाई टाकणाऱ्या प्रकारात कड स्वच्छ होती आणि काळ्याच्या जवळच्या पायऱ्याही मोजता येत होत्या. मी तो निवडला. आंब्याच्या जून पानांतले बारकावे नेमके त्या शेवटच्या पायऱ्यांत असतात, आणि ड्रायव्हरने बुडवलेली पायरी प्रोफाइलला परत वर काढता येत नाही.

निवड झाली की ती लिहून ठेवायची: कागदाचा प्रकार, छपाईचा दर्जा, जलद छपाई म्हणजे दोन्ही दिशांनी छापणे चालू की बंद, सगळेच. पुढे जी प्रत्येक प्रिंट काढायची ती याच मांडणीत. नोझल, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तपासणीचा नमुना छापून एकही रेघ तुटलेली नाही याची खात्री केली, कारण फिकट किरमिजी शाईची एखादी नळी अर्धवट बंद असेल तर तीसुद्धा प्रोफाइलमध्ये इमानेइतबारे नोंदली जाते.

तक्ता तयार करण्यासाठी आर्गिल सीएमएस ही मोफत प्रणाली घेतली. ग्रेम गिल यांनी लिहिलेल्या या प्रणालीला खिडक्या, बटणे काही नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या. पहिल्या दिवशी ते अंगावर येते, पण प्रत्येक पायरीला काय घडते आहे हे या पद्धतीत जितके उघड दिसते तितके सोप्या विकत प्रणालींत दिसत नाही, असे माझे मत आहे. 'टार्जेन' कोणते रंग छापायचे ते ठरवते, 'प्रिंटटार्ग' त्यांचा तक्ता आखते, 'चार्टरीड' उपकरणाकडून मोजणी घेते आणि 'कोलप्रॉफ' त्या मोजणीतून प्रोफाइल बनवते. प्रिंटरमध्ये सहा शाई असल्या तरी टार्जेनला तो आरजीबी प्रिंटर म्हणूनच सांगावा लागतो, कारण घरगुती प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबी आकडेच स्वीकारतो आणि त्यांची सहा शाईंत वाटणी आत परस्पर करतो. कलरमंकीसाठी दाट मांडणी मागितली तर एका ए४ पानावर २१० चौकोन बसतात. आधी एका पानाचा तक्ता छापून कच्चे प्रोफाइल केले, आणि मग ते टार्जेनच्या हाती देऊन दोन पानांचा, ४२० चौकोनांचा तक्ता काढला. कच्च्या प्रोफाइलवरून प्रिंटरचा कल प्रणालीला कळलेला असतो, त्यामुळे चौकोन डोळ्याला दिसणाऱ्या रंगांमध्ये अधिक समान पसरतात. करड्याच्या पायऱ्या मी मुद्दाम जास्त मागितल्या.

तक्ता छापताना त्यातल्या आकड्यांना कोणाचाही हात लागता कामा नये, आणि ही अट पाळणे वाटते तितके सोपे नाही. फोटोशॉपमध्ये पूर्वी रंगव्यवस्थापन न करता छापण्याचा पर्याय होता. २०१० साली आलेल्या सीएस५ आवृत्तीपासून तो काढून टाकण्यात आला, आणि त्याऐवजी अ‍ॅडोबीने कलर प्रिंटर युटिलिटी नावाची छोटी स्वतंत्र प्रणाली दिली. ती तक्त्याची टिफ फाइल जशीच्या तशी प्रिंटरकडे पाठवते. तरीही ड्रायव्हर स्वतःच्या शहाणपणाने रंग 'सुधारतो' तो वेगळाच, म्हणून ड्रायव्हरच्या प्रगत विभागात जाऊन रंगदुरुस्ती पूर्ण बंद केली. तसे छापलेले तक्ते कुरूप दिसतात, गडद आणि मळकट. त्यांनी तसे दिसणेच अपेक्षित आहे.

आता पावसाळ्याचे. जुलैत येथे हवेतली सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, आणि उघडे राहिलेले फोटो कागदाचे पाकीट दोन दिवसांत कडांनी वळू लागते. डाय शाईची प्रिंट यंत्रातून बाहेर आल्यावर कोरडी लागते, पण आतले पाणी आणि ग्लायकॉलसारखी द्रावके हळूहळू जात असतात आणि तोवर रंग सरकत राहतो. हे किती सरकते ते मला आकड्यांत पाहायचे होते, म्हणून त्याच तक्त्यातल्या काही ओळी छापल्यावर तासाभराने, त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अशा मोजल्या. फिकट चौकोन फारसे हलले नव्हते. गडद हिरवे आणि गडद तपकिरी मात्र स्पष्टपणे सरकले होते, पहिल्या आणि शेवटच्या मोजणीत ३ डेल्टा ईपर्यंत अंतर पडले होते. उन्हाळ्यात म्हणजे एप्रिलात हाच प्रयोग केला तेव्हा रात्रीपर्यंतच रंग ठरून गेले. तेव्हापासून पावसाळ्यात तक्ता पूर्ण एक दिवस वाळू देतो, तोही उघड्यावर नव्हे, तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवलेल्या रुंद झाकणाच्या डब्यात, पानाला पान न लावता. कागदाची पाकिटेही त्याच डब्यात राहतात आणि छापण्याच्या थोडा वेळ आधी लागतील तितकीच पाने बाहेर निघतात.

मोजणीच्या वेळी तक्त्याखाली त्याच कागदाची चार-पाच कोरी पाने ठेवतो, म्हणजे टेबलाचा सागवानी रंग खालून डोकावत नाही. कलरमंकी ओळीच्या सुरुवातीला पांढऱ्यावर टेकवायचे, बाजूचे बटण दाबून धरायचे, आवाज आला की ओळीवरून एकसारख्या वेगाने ओढत न्यायचे आणि ओळीपलीकडे गेल्यावर बटण सोडायचे. वेग जास्त झाला तर चौकोन मोजण्याइतके नमुने मिळत नाहीत आणि ओळ पुन्हा वाचावी लागते. एखादा चौकोन अपेक्षेपेक्षा फारच वेगळा निघाला तर प्रणाली तसे बजावते. बहुतेक वेळा उपकरण तिरके जाऊन शेजारच्या ओळीत शिरलेले असते. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पान कोपऱ्यातून उचलले जाते. आमच्याकडच्या दमट दुपारी पंखा बंद करून दोन पाने ओळीओळीने वाचणे हा या सगळ्या कामातला सर्वांत कष्टाचा भाग आहे, आणि घामेजलेले बोट चौकोनावर टेकले तर त्याचा डागही रंग म्हणून मोजला जातो, म्हणून सुती हातमोजे घातलेले बरे.

प्रोफाइल करताना कोलप्रॉफला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: चित्रे कोणत्या रंगावकाशातून येणार. ते सांगितले नाही तर प्रोफाइलमधले 'पर्सेप्चुअल' कोष्टक, म्हणजे सगळे रंग थोडे थोडे आवळून प्रिंटरच्या आवाक्यात बसवणारे कोष्टक, नावालाच राहते, कारण कोणता पसारा किती आवळायचा याचा त्याला पत्ता नसतो. मी एसआरजीबी दिला. त्यानंतर 'प्रॉफचेक' ही आज्ञा मोजणी आणि प्रोफाइल यांच्यातला फरक दाखवते. माझा सरासरी फरक १ डेल्टा ईच्या थोडा वर आला आणि सर्वांत मोठा फरक ४ च्या आसपास, तोही गडद हिरव्यातच. हे आकडे पाहून खूश होणे सोपे आहे, पण ज्या मोजणीतून प्रोफाइल बनले तिच्याशीच ते ताडून पाहिलेले असते, त्यामुळे प्रोफाइल स्वतःशी सुसंगत आहे इतकेच त्यावरून सिद्ध होते. खरी परीक्षा वेगळी घ्यावी लागते. ज्यांची लॅब मूल्ये ठाऊक आहेत असे, तक्त्यात नसलेले रंग प्रोफाइल लावून 'अ‍ॅब्सोल्यूट कलरिमेट्रिक', म्हणजे मागितलेला रंग जसाच्या तसा उमटवू पाहणाऱ्या, पद्धतीने छापायचे, वाळू द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. मी माटोळीच्याच छायाचित्रांतून रंग उचलले: सुपारी, शहाळे, काकडी, आंब्याचे पान, जांभा, गेरू, दोन-तीन त्वचेचे रंग आणि अर्थात कवंडळ. कवंडळ सोडून बाकीचे २ ते ३ डेल्टा ईच्या आत बसले. पूर्वीच्या मांडणीत जांभा १२ च्या पुढे होता.

प्रोफाइल वापरताना पहिला नियम असा, की रंगव्यवस्थापन एकानेच करायचे. संपादनाच्या प्रणालीत रंगव्यवस्थापन प्रणालीकडे ठेवून माझे प्रोफाइल निवडायचे, आणि ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती तक्ता छापताना होती तशीच बंद ठेवायची. दोघांनीही दुरुस्ती केली की प्रिंटवर बहुधा गुलाबी-जांभळी झाक येते, आणि दोष प्रोफाइलच्या माथी मारला जातो. दुसरी निवड रूपांतराच्या पद्धतीची. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' पद्धत प्रिंटरच्या आवाक्यातले रंग जसेच्या तसे ठेवते आणि आवाक्याबाहेरचे रंग हद्दीवर आणून बसवते; 'पर्सेप्चुअल' सगळाच पसारा थोडा थोडा आवळते, म्हणजे रंगांमधले नाते राहते पण प्रत्येक रंग किंचित मवाळ होतो. माटोळीच्या बहुतेक छायाचित्रांसाठी मी पहिली पद्धत, काळ्या टोकाची भरपाई (चित्रातला सर्वांत गडद काळा प्रिंटरच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवणे) चालू ठेवून, वापरतो, कारण हिरवे, भिंत आणि चेहरे सगळे आवाक्यातच असतात.

कवंडळाचे तसे नाही. पिकलेल्या कवंडळाचा शेंदरी-तांबडा पडद्यावर जितका प्रखर दिसतो तितका पिवळी आणि किरमिजी शाई एकमेकींवर टाकून निघतच नाही. पहिल्या पद्धतीने छापले तेव्हा फळाचा सरासरी रंग ठीक होता, पण त्याची गोलाई नाहीशी झाली होती. प्रकाशाकडच्या बाजूचा उजळ शेंदरी, मधला तांबडा आणि त्यावरच्या फिकट उभ्या रेषा हे सगळे रंग हद्दीबाहेरचे, आणि ते सगळे हद्दीवरच्या जवळजवळ एकाच बिंदूवर येऊन बसले होते. भिंगातून पाहिले तर फळाच्या जागी सपाट लाल ठिपका, आणि त्यावर चमकेचा पांढरा कण तेवढा तरंगत होता. 'पर्सेप्चुअल' पद्धतीने गोलाई परतली, रेषाही दिसल्या, पण सुपारीचे घोस फिके झाले. शेवटी मी जे करतो ते असे: पडद्यावर सॉफ्ट प्रूफ उघडायचे, म्हणजे हा कागद आणि ही शाई चित्राचे काय करणार ते आधीच दिसते, आवाक्याबाहेरच्या रंगांची खूण चालू करायची, आणि फक्त त्या फळापुरता मुखवटा करून त्याची तीव्रता हाताने, रेषा दिसू लागेपर्यंत, खाली आणायची. बाकीच्या चित्राला हात लावायचा नाही. माईंना ही प्रिंट दाखवली, तेव्हा त्यांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही आणि फळ कोणत्या वेलीवरचे यावर बोलायला सुरुवात केली. मी ते पसंतीचे लक्षण धरले.

प्रोफाइलच्या हाताबाहेर राहते ती प्रिंट पाहण्याच्या जागेची गोष्ट. आयसीसीची सगळी गणिते डी५० या प्रमाणित प्रकाशासाठी, म्हणजे सुमारे ५००० केल्व्हिनच्या उजेडासाठी मांडलेली असतात, आणि आपल्या घरांत सर्रास ६५०० केल्व्हिनच्या एलईडी नळ्या असतात. करडा रंग तीन-चार शाईंच्या मिश्रणातून बनत असल्यामुळे एका उजेडात अगदी तटस्थ दिसलेला करडा दुसऱ्यात हिरवट दिसू शकतो; याला मेटामेरिझम म्हणतात, आणि काळ्या शाईच्या करड्या छटा नसलेल्या घरगुती प्रिंटरमध्ये तो अधिक जाणवतो. आमच्या जुन्या घराला राजांगण आहे. वर मोकळे असल्याने तिथे दिवसभर पसरलेला, सावलीचा उजेड येतो, म्हणून प्रिंट पारखायला मी तिथे बसतो, मात्र तुळशीवृंदावनाच्या बाजूला पाठ करून, कारण त्याला दिलेल्या नव्या रंगाची झाक चकचकीत कागदावर पडते. स्वयंपाकघराच्या दिव्याखाली पाहून कोणी नावे ठेवली तर मी त्यांना बाहेर घेऊन येतो.

कागदाच्या शुभ्रपणाचाही यात हात असतो. स्वस्त फोटो कागदांत प्रकाशवर्धक रसायने घातलेली असतात; ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कागद पांढऱ्याहून पांढरा वाटतो. नोटा तपासायच्या दिव्याखाली माझा कागद धरला तर तो निळा पेटल्यासारखा दिसतो. कलरमंकीचा स्वतःचा प्रकाश पांढऱ्या एलईडीचा आहे आणि त्यात अतिनील भाग नसल्यामुळे ही रसायने मोजणीच्या वेळी जागी होत नाहीत. त्यामुळे प्रोफाइल कागदाला प्रत्यक्षापेक्षा कमी निळा समजते, आणि राजांगणातल्या दिवसाच्या उजेडात फिकट भाग अंदाजापेक्षा किंचित थंड दिसतात. अतिनील भाग असलेल्या प्रकाशाने मोजणाऱ्या उपकरणांत याच्या उलट अडचण येते: कागद फार निळा मोजला जातो, प्रोफाइल त्यावर पिवळ्याचा उतारा देते आणि घरातल्या एलईडीखाली तो पिवळेपणा नजरेत भरतो. दोन्हींपैकी मला पहिला दोष परवडतो. ज्या प्रिंट कोणी चौकटीत घालून भिंतीवर लावणार त्यांच्यासाठी मी अशी रसायने जवळपास नसलेला मॅट कागद घेतो. त्याचे प्रोफाइल वेगळे करावे लागते, आणि त्यावर काळा तितका खोल येत नाही: ग्लॉसीवर सर्वांत गडद चौकोनाचा एल ६ च्या आसपास मोजला होता, तर मॅटवर तो १८ च्या खाली उतरला नाही. माटोळीच्या वरच्या काळोख्या कोपऱ्यांत हा फरक लगेच दिसतो.

आता प्रत्येक प्रोफाइलच्या नावातच मी कागद, ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार आणि महिना लिहितो. छपाईला बसण्याआधी करड्याच्या पायऱ्या आणि सहा-सात परिचित रंग असलेली लहान पट्टी छापतो आणि प्रोफाइल केले त्या वेळी छापलेल्या, काळ्या पाकिटात जपून ठेवलेल्या पट्टीशी ती ताडून पाहतो. दोन्ही जुळल्या तर पुढे जायचे. जुळल्या नाहीत तर आधी नोझल, मग कागदाचे पाकीट नवे आहे का, मग शाईची बाटली नवी आहे का, या क्रमाने पाहतो, आणि यातले काहीच नसेल तरच नवा तक्ता छापायला घेतो. मूळ शाई संपल्यावर बाजारातली पर्यायी शाई एकदा टाकून पाहिली, तेव्हा करड्याची पट्टी मधल्या पायऱ्यांत उघड तपकिरी झाली. पर्यायी शाई वापरायला हरकत नाही, पण टाकी तळापर्यंत नेऊन, नळ्यांतली जुनी शाई पुरती निघून गेल्यावर, आणि तिच्यासाठी नवे प्रोफाइल करूनच. चवथीच्या छपाईपुरते एक प्रोफाइल श्रावणातच करून ठेवतो, कारण भाद्रपदातली हवा श्रावणाच्या हवेशी जितकी जुळते तितकी ती मे महिन्याच्या हवेशी जुळत नाही.